काळ्या प्रकाशाची नायिका

प्रश्न : ‘फँटम लेडी’ या नायिकेच्या चित्रकथांचा इंग्रजी संग्रह मी नववीतल्या मुलीसाठी आणला; पण मुखपृष्ठ पाहताच सासूबाईंनी तो कपाटावर टाकला. मुलीला द्यावा का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : १९४१ मध्ये अवतरलेली ही फँटम लेडी म्हणजे सँड्रा नाइट; ती अमेरिकी सिनेटरची कन्या असून, एरवी उच्चभ्रू वर्तुळात मिरवणारी ही तरुणी तोकड्या पोशाखात बाहेर पडते आणि हातातल्या यंत्रातून काळा प्रकाश सोडून गुंडांना आंधळे करते. सासूबाईंचा आक्षेप जुनाच आहे : मॅट बेकर यांनी रेखाटलेल्या, दोरखंडांशी झटणाऱ्या नायिकेच्या १९४८ च्या मुखपृष्ठावर मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये बोट ठेवले होते. कथानके बेतास बात, रेखाटन मात्र (वर्थम काहीही म्हणोत) देखणे आहे. आधी आपण चाळा, मग मुलीसोबत वाचा.