निर्यातीच्या द्राक्षांची ग्रेपनेटवर सगळी नोंद असताना युरोपातला खरेदीदार पॅलेटचा वेगळा डेटा का मागतो? छोट्या पॅकहाउसने तो द्यायचा कसा?

ग्रेपनेट आपल्याकडच्या यंत्रणेसाठी आहे. प्लॉटची नोंदणी, कीडनाशक अंशाचा प्रयोगशाळा अहवाल, ॲगमार्क, फायटो (रोग-किडीमुक्त असल्याचा दाखला), हे सगळं अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या त्या प्रणालीत पॅलेटपासून प्लॉटपर्यंत जुळतं. पण रॉटरडॅमच्या गोदामातला स्कॅनर ग्रेपनेट उघडत नाही. युरोपीय संघाच्या १७८/२००२ नियमाच्या कलम १८ प्रमाणे माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला हे आयातदाराला दाखवावं लागतं. म्हणून त्याच्या सिस्टीमला वाचता येतील असे जीएस१ चे (बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेचे) क्रमांक तो मागतो.

क्रमांक तीनच. पेटीला जीटीआयएन, म्हणजे माल काय आहे ते: थॉमसन वाण, ५०० ग्रॅमचे १० पनेट (छोटे डबे). वाण किंवा वजन बदललं तर तो बदलतो, प्लॉट बदलला म्हणून नाही. प्लॉट कळतो लॉट क्रमांकावरून. आणि प्रत्येक पॅलेटला १८ अंकी एसएससीसी, म्हणजे त्या पॅलेटचा स्वतःचा क्रमांक. एकदा वापरलेला निदान वर्षभर पुन्हा द्यायचा नाही.

यातला लॉट हाच खरा कळीचा. नुसती तारीख लॉट म्हणून टाकली की त्या दिवशी आलेले चार प्लॉट एकच होतात, आणि एका प्लॉटच्या नमुन्यात अंश सापडला तर चारही परत बोलवावे लागतात. प्लॉटचा छोटा कोड, वर्षातला दिवस आणि पॅकिंगची लाइन, एवढं पुरे. मर्यादा २० अक्षरांची आहे. नियम मात्र कडक हवा: एका प्लॉटचा माल संपला की टेबल आणि वजनकाटा पूर्ण रिकामा, उरलेली अर्धी पेटी बाजूला, मगच पुढच्या प्लॉटचे क्रेट. सॉफ्टवेअर कितीही महागडं घ्या, इथे घोळ झाला तर पुढे काही निस्तरता येत नाही.

पेटीच्या बारकोडमध्ये (०१) जीटीआयएन, (१३) पॅकिंगची तारीख आणि शेवटी (१०) लॉट, याच क्रमाने घ्या. कंसातला आकडा पुढची माहिती कसली ते स्कॅनरला सांगतो. लॉटची लांबी ठरलेली नसते. तो मध्ये आला आणि त्यानंतर एफएनसी१ हे लॉट संपल्याचं चिन्ह टाकायचं राहिलं, तर स्कॅनर पुढची तारीखही लॉटमध्येच गिळतो. कंस फक्त खाली छापायचे, बारकोडमध्ये नाही. पेटीचं लेबल प्रीकूलिंगच्या (माल थंड करण्याच्या) आधी लावा. दमट थंड पुठ्ठ्यावर डिंक धरत नाही. पॅलेटचं लेबल मात्र पट्ट्या बांधून झाल्यावर, बारकोडची खालची कड जमिनीपासून ४०० ते ८०० मिलिमीटरवर आणि उभ्या कडेपासून किमान ५० मिलिमीटर आत.

एका पॅलेटवर दोन लॉट चढवावेच लागले तर लेबलवर फक्त एसएससीसी. कोणत्या लॉटच्या किती पेट्या, हे पाठवणीच्या फाइलमध्ये.

ती फाइल म्हणजे साधा तक्ता: कंटेनर, एसएससीसी, जीटीआयएन, लॉट, पेट्या, प्लॉट नोंदणी क्रमांक. कंटेनर युरोपात पोचण्याच्या बऱ्याच आधी ती खरेदीदाराकडे गेलेली हवी. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करतो, त्यामुळे एसएससीसीचे शेवटचे तीन अंक गायब होतात आणि एकही पॅलेट जुळत नाही. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच क्रमांक भरा. आलेली सीएसव्ही (साध्या मजकुराची) फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी हेच होतं.

ईपीसीआयएससारखी (मालाच्या प्रत्येक टप्प्याची घटना नोंदवणारी जीएस१ ची) मोठी रचना खरेदीदाराने लेखी मागितल्याशिवाय घेऊ नका, असं माझं मत. घेतलीत तर प्रत्येक घटनेच्या वेळेसोबत +०५:३० (भारतीय वेळेचा फरक) लिहायला विसरू नका.

हंगाम सुरू व्हायच्या आधी एक चाचणी करा. कोणतीही पेटी उचलायची. तिच्यावरून प्लॉट आणि त्याच लॉटची बाकी सगळी पॅलेट्स शोधायची. मग वजनाचा ताळा: प्लॉटवरून २,००० किलो आले आणि ५ किलोच्या ३३० पेट्या भरल्या, तर उरलेले ३५० किलो लोकल बाजार, सुटे मणी किंवा कचरा यांत कुठे गेले ते कागदावर सापडलं पाहिजे. भरलेलं वजन आवकेपेक्षा जास्त निघालं, तर दुसऱ्या प्लॉटचा माल मिसळलाय.