वाचकांचे प्रश्न : पलटणीतून परराष्ट्र खात्यात

प्रश्न : आमच्या घरातल्या तीन पिढ्या पलटणीत गेल्या. धाकट्या नातवाला मात्र परराष्ट्र सेवेत जायचे आहे आणि तो दाखला देतो जनरल करिअप्पांचा. हुकूम सोडण्यात हयात गेलेल्या माणसाला राजदूताचे मोजके, गोड बोलणे जमले कसे? आणि हा रस्ता आज खुला आहे का?
– एक आजोबा, निपाणी

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण करिअप्पांना ते नेहमीच जमले असे नाही. ‘देश स्वतंत्र झाला’ हे जवानांना हिंदुस्तानीत सांगताना त्यांनी इंग्रजी ‘फ्री’साठी ‘मुफ्त’ (म्हणजे फुकट) हा शब्द वापरला, असा किस्सा लष्करात अजून सांगतात. दिवसातून चार वेळा भाषा बदलणाऱ्या आपल्या सीमाभागात तर त्यावर हमखास हशा पिकेल. १५ जानेवारी १९४९ रोजी ते पहिले भारतीय सरसेनापती झाले, १९५३ मध्ये निवृत्त झाले आणि १९५६ पर्यंत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे भारताचे उच्चायुक्त राहिले. (राष्ट्रकुलातील देशांत राजदूताला उच्चायुक्त म्हणतात, एवढाच फरक.) तिथे गोऱ्यांखेरीज इतरांना वसू न देण्याच्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणावर त्यांनी उघड टीका केली आणि यजमान सरकार नाराज झाले. मुत्सद्देगिरीच्या पाठ्यपुस्तकात हे बसणार नाही. मला विचाराल तर त्या खुर्चीत बसून गप्प राहणे अधिक वाईट दिसले असते.

गोड बोलण्यापेक्षा डोके थंड ठेवणे या कामात जास्त उपयोगी पडते आणि त्याचे उदाहरण आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे आहे. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे २३ हजार युद्धकैदी भारतीय फौजेच्या ताब्यात आले. या कैद्यांचे काय करायचे ते पाहणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि फौजेचे प्रमुख कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरिया आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊलही ठेवू देईना, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः आत शिरले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणले. राजदूतपद थोरातांना कधी मिळाले नाही, पण त्या दिवशी त्यांनी केले ते काम राजदूताचेच होते.

करिअप्पांप्रमाणेच पुढे इतर माजी लष्करप्रमुखही राजदूत किंवा उच्चायुक्त झाले: जनरल थापर अफगाणिस्तानात, जनरल चौधरी कॅनडात, जनरल बेवूर डेन्मार्कमध्ये गेले. अलीकडे, २०१९ मध्ये, जनरल दलबीरसिंग सुहाग सेशेल्सला गेले. या सर्व नेमणुका निवृत्तीनंतर सरकारच्या मर्जीने झालेल्या आहेत, त्यामुळे विशीतल्या मुलाने त्यावर भिस्त ठेवू नये. दूतावासातला लष्करी अताशे (सैन्याचा प्रतिनिधी) सैन्याचाच अधिकारी असतो आणि मुदत संपली की आपल्या हुद्द्यावर परततो. नातवासाठी सरळ वाट म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा. त्याला आधी वर्दी घालायचीच असेल तर अल्पसेवा कमिशन (ठरावीक वर्षांपुरती अधिकारीपदाची नेमणूक) घ्यावे. किमान पाच वर्षे सेवा करून नियमाप्रमाणे मुक्त झालेल्या अधिकाऱ्याला या परीक्षेत वयाची पाच वर्षांपर्यंत सवलत मिळते.