जनसंपर्कात पहिलीच नोकरी? आधी बातमी लिहायला शिका

अभिनंदन! ओळखी नाहीत म्हणून घाबरू नका, त्या होत जातात. आधी हात बसवा तो प्रेसनोटवर, म्हणजे पेपरांना पाठवायच्या बातमीवर.

कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्या दोन ओळींत आलंच पाहिजे. नवखी मंडळी 'मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन करून' इथून सुरुवात करतात आणि शिबिरात २१२ जणांनी रक्तदान केलं, ही खरी बातमी पाचव्या परिच्छेदात जाते. उपसंपादक तिथवर वाचत नाही.

नेहमीच्या चुका:

- एकच मेल पन्नास पत्रकारांना. आरोग्य कोण बघतं, शिक्षण कोण, हे पेपर वाचून आधी शोधा.
- पानं लागायच्या वेळी, रात्री फोन. दुपारी बोला.
- नावांची तपासणी न करणं. मी एकदा पाहुण्यांचं आडनाव चुकवलं. दुसऱ्या दिवशी तीच चूक चार पेपरांत छापलेली. तेव्हापासून प्रत्येक नाव फोन करून विचारतो.

अडचणीच्या वेळी गप्प बसू नका. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी सायनाइड मिसळलेल्या टायलेनॉल या वेदनाशामक कॅप्सूलनी सात जण दगावले. ज्यांचं हे औषध, त्या जॉन्सन अँड जॉन्सनने लोकांना सावध केलं आणि सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. पत्रकाराने विचारलं आणि तुमच्याकडे उत्तर नसेल तर 'विचारून पाचपर्यंत सांगतो' म्हणा, आणि पाचला फोन कराच.

सोशल मीडिया, मोजमाप वगैरे नंतर बघू. आठवडाभर रोज एक बातमी दीडशे शब्दांत लिहा. मला पाठवा, मी नक्की वाचेन.