आधी काय गेलं ते बघा

विचारा की! : संगणकाविषयी वाचकांचे प्रश्न

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची 3.14 ही आवृत्ती 7 ऑक्टोबर 2025 ला आली. दसरा होऊन पाच दिवस झाले होते आणि कारखान्यांची धुराडी पेटायच्या बेतात होती. तेव्हापासून या सदराकडे येणारी बरीच पत्रं याच विषयाची आहेत. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत बसून सव्वीस वर्षं दूध संस्था, फौंड्री आणि गुळाचे अडते यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे, त्यामुळे उत्तरंही त्याच अनुभवातली आहेत.

ताई, मी बारावीला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये पायथॉन 3.9 आहे, घरी दादानं 3.14 टाकून दिलंय. मैत्रीण म्हणते, 3.9 हा 3.14 पेक्षा मोठा, म्हणजे लॅबमधलंच नवं. खरं काय?
(विद्यार्थिनी, कसबा बावडा)

तुझ्या घरचं नवं. मैत्रिणीचं गणित बरोबर आहे, पण हा दशांश अपूर्णांक नाही. आजोबांकडं शेताचा सातबारा असेल तर मागून बघ. गट नंबर 3 चे हिस्से पडत गेले की 3/9 नंतर 3/10 येतो, मग 3/11. इथंही तसंच आहे, फक्त तिरक्या रेघेच्या जागी टिंब आहे.

ही चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. 2021 च्या ऑक्टोबरात 3.10 आली तेव्हा कितीतरी प्रोग्रॅम आवृत्तीचा नंबर अक्षर-अक्षर ताडून बघत होते. 9 पुढं 1 लहान, म्हणून त्यांनी 3.10 ला 3.9 पेक्षा जुनी ठरवली. काहींनी सेटिंगच्या फायलीत अवतरणचिन्हं न देता 3.10 लिहिलं, तर मशीननं शेवटचं शून्य उडवून 3.1 वाचलं. तू कधी आवृत्ती तपासणारी ओळ लिहिलीस तर 3 आणि 14 हे दोन सुटे आकडे धर. पायथॉनबरोबर येणाऱ्या 'सिस'मधलं 'व्हर्जन इन्फो' ते सुटेच देतं.

लॅबमधल्या 3.9 चा आधार, म्हणजे तिला दुरुस्त्या मिळणं, ऑक्टोबर 2025 मध्येच संपला. तुझ्या प्रॅक्टिकलला त्यानं काही अडणार नाही. फक्त घरी अनेक पर्यायांतून एक निवडणारं 'मॅच' वापरून प्रोग्रॅम लिहिलास तर लॅबमध्ये तो चालायचा नाही, कारण 'मॅच' 3.10 मध्ये आलं.

चप्पल लाईनला आमचं दुकान आहे. 2016 साली भाच्यानं वेबसाइटवर ऑर्डरचा फॉर्म करून दिला होता. पायाचं माप, कापशी हवी की दुसरी, पट्टा कसा, एवढंच. गेल्या महिन्यात होस्टिंगवाल्यांनी पायथॉन नवं केलं आणि तेव्हापासून फॉर्म पाठवला की कोरं पान येतं. विचारलं तर म्हणतात, लॉगमध्ये 'नो मॉड्यूल नेम्ड सीजीआय' असं आहे. भाचा आता परदेशात आहे. आमचं काय चुकलं?
(चप्पल व्यावसायिक)

तुमचं काही चुकलं नाही. तुमचा फॉर्म ज्या खांबावर उभा होता तो खांब काढला गेला, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

पायथॉनबरोबर शेकडो छोटी हत्यारं आयती मिळतात. त्यातली 19 जुनी हत्यारं 3.13 मध्ये, म्हणजे ऑक्टोबर 2024 ला, एकदम काढून टाकली. 'सीजीआय' त्यांतलंच एक. या पद्धतीत प्रत्येक ऑर्डरीसाठी सर्व्हरवर पायथॉन नव्यानं सुरू होतं, काम करतं आणि बंद पडतं. वेबसाइटची नवी साधनं त्यापुढं कधीच निघून गेली आणि या जुन्या कोडची देखभाल करायला माणूस उरला नाही. हे अचानक झालं नाही. 2022 च्या ऑक्टोबरातल्या 3.11 पासून 'हे जाणार आहे' अशी नोटीस होती. पण ती नोटीस सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फायलीत पडते, दुकानदाराला दिसत नाही. ती वाचून तुम्हाला फोन करणं हे होस्टिंगवाल्यांचं काम होतं, आणि त्यांनी ते केलं नाही याचा मला राग येतो.

आजचा उपाय असा. 'लेगसी सीजीआय' नावाचं पॅकेज आहे, त्यात तोच जुना कोड वेगळा काढून ठेवलेला आहे. होस्टिंगवाल्यांना ते टाकायला सांगा, एका ओळीचं काम आहे. फॉर्म बहुधा त्याच दिवशी चालू होईल. कायमचा उपाय म्हणजे फॉर्म वाचणारा भाग बदलून घेणं. तुमच्या फॉर्ममध्ये फोटो वगैरे चढवायचा नाही, नुसता मजकूर आहे, तेव्हा 'यूआरएललिब'मधलं 'पार्स क्यूएस' पुरेल. जाणत्या मुलाला तासाभराचं काम.

बाकीच्यांसाठीही सांगते. पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर 'व्हॉट्स न्यू' नावाचं लांबलचक पान येतं. लोक ते वरून वाचायला घेतात, नव्या गोष्टींत रमतात आणि मध्येच सोडतात. मी ते खालून वाचते. आधी 'रिमूव्हड' हा भाग, मग पुढच्या आवृत्त्यांत काय काय जाणार त्याची यादी. 3.15 मध्ये काय जाणार तेही 3.14 च्या पानावर आत्ताच छापलेलं आहे. नव्या सोयी सहा महिन्यांनी कळल्या तरी कुणाचं नुकसान होत नाही.

आमच्या दूध संस्थेचं बिलिंग अजून पायथॉन 2 वर आहे. नवीन मुलगा म्हणतो, 3 वर न्यायला फक्त प्रिंटला कंस घालायचे, दोन दिवसांचं काम. विश्वास ठेवावा का?
(सचिव, करवीर तालुका)

सचिवसाहेब, पायथॉन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला, त्यामुळे न्यायला पाहिजेच. पण दोन दिवसांत नको. मी स्वतः जे केलं ते सांगते.

2019 च्या महापुरानंतर, दिवाळीच्या आधी, मी एका संस्थेचं बिलिंग 2 वरून 3 वर नेलं. कंस घातले. भागाकाराचा बदल मला ठाऊक होता. पायथॉन 2 मध्ये 130 भागिले 40 केलं की 3 यायचे, 3 मध्ये 3.25 येतात. 130 लिटर दुधाचे 40 लिटरचे भरलेले कॅन किती, या रकान्यात सव्वातीन कॅन दिसले असते, म्हणून तिथं भागाकाराला दुहेरी तिरकी रेघ घातली, ती फक्त पूर्ण आकडा ठेवते. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, सगळं तपासलं. पहिलं दहा दिवसांचं बिल निघालं आणि दुसऱ्या दिवशी एक आजी डायरी घेऊन संस्थेत आल्या. त्यांचे 1412.50 झाले होते, हातात 1412 पडले. सुनेच्या खात्यावर 1287.50 होते, तिला 1288 मिळाले. आजी म्हणाल्या, "सुनेला वर आणि मला खाली? एकाच म्हशीचं दूध हाय की!"

पन्नास पैशांचा प्रश्न होता, पण आजींचं बरोबर होतं. पायथॉन 2 मधलं 'राउंड' अर्ध्याला नेहमी वर ढकलायचं, आपण शाळेत शिकलो तसं. पायथॉन 3 मध्ये बरोबर अर्धा आला की तो जवळच्या सम संख्येकडं जातो. 1412.50 चे 1412 आणि 1287.50 चे 1288. यामागं विचार आहे. हजारो रकमा नेहमी वरच ढकलल्या तर बेरीज एका बाजूला झुकत जाते. आकडेशास्त्रात ते योग्यच, पण दूध संस्थेच्या ठरावात 'पन्नास पैसे व त्यावर पूर्ण रुपया' असं लिहिलेलं असतं आणि सभासद तो ठराव मानतो.

हा बदल लपवलेला नव्हता. 2008 मध्ये आलेल्या 3.0 च्या पानावर त्याबद्दल स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. संस्थेच्या फलकावर खुलासा लावला, त्या बिलातले फरक पुढच्या बिलात दिले आणि आजींच्या घरी जाऊन सांगून आले.

तुमच्या मुलाला तीन कामं सांगा. पैशांसाठी पायथॉनमधलं 'डेसिमल' हे हत्यार वापरायचं आणि त्यात 'राउंड हाफ अप', म्हणजे अर्धा वर ढकल, असं स्पष्ट लिहायचं. मागच्या सहा महिन्यांची बिलं दोन्ही पायथॉनवर काढून ओळ-ओळ जुळवायची. आणि पहिली तीन बिलं जुनं मशीन शेजारी चालू ठेवून काढायची. महिनाभर लागेल. दिवाळीचा रिबेट वाटून झाल्यावर सुरू करा, त्याच्या आधी नको.

मी इंजिनिअर आहे, वडिलांचं वडणग्याला गुऱ्हाळ आहे. 3.14 मध्ये 'जीआयएल' गेला असं ऐकलं. गुळाच्या भावांच्या जुन्या नोंदींवर माझा एक हिशेबाचा प्रोग्रॅम आहे, तासभर चालतो. लॅपटॉपला आठ कोअर आहेत. आता आठपट वेगानं चालेल का?

नाही. वडिलांच्या गुऱ्हाळात उभं राहून बघा, लगेच उलगडेल. काहिली दोन असोत की चार, गुळव्या एकच असेल तर सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. चुलवाण पेटलेलं असतं, मळी निघालेली असते, पण पाक झाला का हे तोच बघणार आणि काहील उतरवा ही हाक तोच देणार. जीआयएल, म्हणजे 'ग्लोबल इंटरप्रिटर लॉक' हे पायथॉनमधलं कुलूप, म्हणजे हा एकटा गुळव्या. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधले कामाचे धागे, कितीही काढा, एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवतो. तो ठेवण्याचं कारणही रास्त होतं. प्रत्येक वस्तू किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी पायथॉन सतत ठेवतं. दोघांनी एकदम त्या मोजणीला हात घातला तर वापरातली वस्तूच फेकली जाईल.

हा कुलूपबंद कारभार नसलेलं पायथॉन 3.13 मध्ये प्रयोग म्हणून आलं आणि 3.14 मध्ये त्याला अधिकृत आधार मिळाला. पण ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं. नेहमीच्या 3.14 मध्ये जीआयएल आहेच. वेगळ्या पायथॉनमध्ये एकाच थ्रेडचं काम साधारण 5 ते 10 टक्के हळू होतं, आणि जीआयएलशिवाय चालायला तयार नसलेली सी भाषेतली लायब्ररी तुम्ही आत घेतली तर तो पुन्हा चालू होतो. मुख्य म्हणजे तुमचा प्रोग्रॅम एका सरळ रांगेत लिहिलेला असेल तर आठ गुळवे आणून उपयोग नाही, काहील एकच आहे. आधी वर्षवार तुकडे पाडा आणि ते वेगवेगळ्या प्रोसेसना वाटून देणारं 'मल्टिप्रोसेसिंग' वापरून बघा. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एक सावधगिरी बाळगा. 3.14 मध्ये तिथली नवी प्रोसेस सुरू करण्याची नेहमीची रीत बदलली आहे, म्हणून मुख्य काम 'इफ नेम इज मेन' या अटीच्या आतच ठेवा.

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला पीसी विंडोज 7 चा आहे, त्यावर पायथॉन 3.8 मध्ये हीट रिपोर्ट, म्हणजे वितळवलेल्या प्रत्येक घाण्याचा अहवाल निघतो. मॅनेजर म्हणतात, 3.14 टाक. टाकू का?

टाकता येणारच नाही. विंडोज 7 वर चालणारी शेवटची आवृत्ती 3.8 होती, 3.14 ला किमान विंडोज 10 लागतं. आणि विंडोज बदललं तर स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर चालेल का, हे मशीन कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय त्या पीसीला हात लावू नका. भट्टीत धातू वितळलेला असताना कार्बनचा आकडा आला नाही तर ओतायचं काय?

3.8 चे सुरक्षेचे बदल ऑक्टोबर 2024 ला थांबले. म्हणून त्या पीसीचं इंटरनेट काढा, त्याला फक्त आकड्यांची फाइल लिहू द्या. रिपोर्ट, आलेख, ईमेल हे सगळं ऑफिसातल्या नव्या पीसीवर करा. तिथं 3.14 खुशाल टाका, 2030 च्या ऑक्टोबरपर्यंत बघावं लागणार नाही.

मी संगणक शिकवते. माझी बहुतेक मुलं मराठी शाळेतून आलेली आहेत, लाल एरर दिसली की हात काढून घेतात. त्यांच्यासाठी नव्या पायथॉनमध्ये काही आहे का?
(शिक्षिका, कोल्हापूर)

आहे, आणि हे लिहिताना मला फार बरं वाटतंय. गेल्या चार-पाच वर्षांत पायथॉनमध्ये झालेलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं.

पूर्वी कंस बंद करायला विसरलं की एरर भलत्याच ओळीवर यायची. 3.10 पासून पायथॉन सांगतं, हा कंस उघडला तो बंदच केला नाही. नावाचं स्पेलिंग चुकलं तर विचारतं, तुम्हाला हे म्हणायचं होतं का? 3.11 पासून ओळीतल्या नेमक्या चुकीच्या तुकड्याखाली खूण येते. 3.12 मध्ये 'इंपोर्ट करायचं राहिलं का' असं विचारायला लागलं. 3.13 मध्ये तर मुलांची हमखास होणारी चूक पकडली आहे. यादृच्छिक आकडे देणारं 'रँडम' शिकताना मुलं आपल्या फाइललाच 'रँडम' नाव देतात, मग पायथॉन खरं रँडम सोडून त्यांचीच फाइल उघडतं. आता ते सरळ सुचवतं की फाइलचं नाव बदला. आणि 3.14 मध्ये 'व्हाइल'मध्ये एक 'एल' जास्त पडला तरी 'व्हाइल म्हणायचं होतं का' असं विचारतं. आधी नुसतं 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' म्हणून गप्प बसायचं.

पहिल्या तासाला मुलांना बरोबर प्रोग्रॅम लिहायला लावू नका. मुद्दाम मोडायला लावा. प्रत्येकानं एक चूक करायची, आलेलं वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि त्याचा अर्थ मराठीत फळ्यावर लिहायचा. माझ्याकडं शनिवारी येणाऱ्या मुलांनी असा तक्ता केला आहे. डावीकडं एरर, उजवीकडं तिचा मराठी अर्थ त्यांच्याच शब्दांत, एकवीस ओळी झाल्या आहेत. त्याची प्रत तुमच्या पत्त्यावर पाठवली आहे. बाविसावी ओळ तुमच्या वर्गातून आली की मला कळवा, आमच्या तक्त्यात जागा ठेवली आहे.