नदीत डंपरभर गोटे कशाला टाकतात?

प्रश्न: मी सांगलीची, सध्या मुलाकडे कॅलिफोर्नियात फॉल्समला आलेय. सप्टेंबरमध्ये अमेरिकन नदीकाठी फिरायला गेलो तर निम्बस धरणाच्या खाली लोडर पाण्यात उतरून गोटे ओतत होते, मला वाटलं पूल बांधतायत, मुलगा म्हणाला माशांसाठी आहे! आमच्याकडे नदीतून वाळू उपसून नेतात आणि इथे पैसे खर्चून दगड टाकतात, हा काय प्रकार? आणि वाळू काढली तरी पुढच्या पावसात परत येते म्हणतात ते खरं का?

उत्तर: ताई, मुलाने बरोबर सांगितलं पण अर्धंच. मासे आहेत चिनूक जातीचे सामन (सॅल्मन). समुद्रातून नदीत येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला अंडी घालतात आणि मरतात. मादी कुशीवर होऊन शेपटी आपटते, खालचे गोटे उडतात, खड्डा होतो, त्यात वाटाण्याएवढी नारिंगी अंडी पडली की वरच्या बाजूचे गोटे उडवून ती झाकून टाकते. पुढचे काही आठवडे त्या गोट्यांच्या फटींतून पाणी खेळत राहिलं तरच अंड्यांना ऑक्सिजन मिळतो, फटींत बारीक गाळ बसला की गुदमरली बिचारी.

आता गोटा केवढा हवा? बर्कले विद्यापीठातले नदी-अभ्यासक मॅथायस कोंडॉल्फ आणि त्यांच्याबरोबर वोलमन यांनी १९९३ मध्ये ठिकठिकाणची मापं एकत्र करून बघितली, आणि हिशोब इतका सोपा निघाला की मला अजून मजा वाटते: मासा आपल्या लांबीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढे गोटे हलवू शकतो. म्हणजे ८० सेंमीची मादी असेल तर ८ सेंमीचा गोटा, मध्यम बटाटाच म्हणा ना. हे माप मधल्या गोट्याचं हं, म्हणजे निम्मे याहून लहान आणि निम्मे मोठे. याच्या फार वर गेलं की ती कितीही शेपटी आपटो, काही हलत नाही.

पण असे गोटे नदीत आपोआप नसतात का? असायचे, वरून पुराबरोबर येत राहायचे. १९५० च्या दशकात फॉल्सम आणि निम्बस ही धरणं झाली, आता वरचे गोटे आणि वाळू जलाशयातच बसते आणि खाली सुटतं ते नितळ पाणी. दिसायला छान, पण कोंडॉल्फ यांनी १९९७ च्या लेखात त्याला नाव दिलंय उपाशी पाणी. वाहत्या पाण्याची ताकद एरवी गाळ-गोटे ओढण्यात खर्च होते, ओझं धरणात काढून घेतलं की ती ताकद शिल्लक राहते आणि मग पाणी खालचं पात्रच खायला लागतं. बटाट्याएवढे गोटे वाहून जातात, मागे राहतात ते नारळाएवढे धोंडे, जे पाण्यालाही हलत नाहीत आणि माशालाही. म्हणून ते लोडर. आणि हे एकदा करून भागत नाही, मोठा विसर्ग आला की टाकलेले गोटे खाली सरकतात, परत टाका. ठिगळच आहे, मी तरी याला उपाय म्हणणार नाही. जर्मनीत ऱ्हाइनवर इफेत्सहाइमच्या बंधाऱ्याखाली १९७८ पासून बार्जमधून खडी सोडतात, तिथे तर कारण मासे नाहीत, पात्र खचू नये म्हणून.

गंमत म्हणजे तुम्ही आहात त्याच कॅलिफोर्नियात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उलटी तक्रार होती. सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्याने डोंगर फोडायचे, तो राडारोडा नद्यांत उतरून पात्रं वर आली, शेतं गाडली गेली, शेवटी १८८४ मध्ये कोर्टाने असा राडा नदीत सोडायला बंदी घातली. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने त्या राड्याचा हिशोब मांडला, १९१७ मध्ये छापला, तो पनामा कालव्याच्या खोदाईच्या जवळपास आठपट भरला!

आता वाळूचं. परत येते, पण कुठून ते बघा. पात्रात खड्डा केला की पूर आल्यावर खड्ड्याच्या वरच्या बाजूची कड ढासळायला लागते आणि ती ढासळ नदीत उलटी वरवर चढत जाते, तिकडची वाळू येऊन खड्ड्यात पडते. लोक म्हणतात बघा भरला की! अहो पण ती वरच्या पुलाच्या खांबाखालची असू शकते. शिवाय खड्ड्यात ओझं टाकून पुढे निघालेलं पाणी पुन्हा उपाशीच, ते खालची बाजू खातं. म्हणजे खड्डा एक, खरवड दोन्हीकडे. पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींचं पाणीही खाली जातं. वरून खरंच नवी वाळू येत असेल, मध्ये धरण नसेल आणि उपसा त्या आवकीपेक्षा कमी असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडे मध्ये धरण नाही अशी नदी आता शोधावी लागते.

नोव्हेंबरपर्यंत असाल तर परत त्याच जागी जा, जमलं तर पोलराइज्ड गॉगल लावून, म्हणजे पाण्यावरची चमक जाते. शेवाळलेल्या काळपट तळात मध्येच स्वच्छ, फिकट गोट्यांचे पट्टे दिसतील, ते मादीने उलटवलेले. पाण्यात मात्र उतरू नका, पायाखाली अंडी असतील.