कधीही न भेटलेला परदेशी मॅनेजर वारला, तर इतकं दुःख खरंच होतं का?

तुम्ही विचारलंय की तुमचा धाकटा भाऊ एका इंग्लिश फुटबॉल क्लबचा चाहता आहे, त्या क्लबचे जुने मॅनेजर (म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक) वारले आणि तो दोन दिवस धड जेवला नाही, कोणाशी बोलला नाही. हे खरं दुःख की सगळ्यांचं बघून आलेलं? शिवाय ते मॅनेजर तर कधीच क्लब सोडून गेले होते आणि त्यांनी मोठी ट्रॉफीही जिंकून दिली नव्हती, मग एवढं काय?

दुःख खरं असतं. मी नाशिकचा, सातपूरला वाढलेला आणि 2002 पासून न्यूकॅसल युनायटेडचा चाहता. आमचे सर बॉबी रॉबसन 31 जुलै 2009 ला गेले, तेव्हा मी यातून गेलोय. त्यांनीही न्यूकॅसलला एकसुद्धा ट्रॉफी दिली नव्हती. तुमच्या भावाबद्दल मला माहिती नाही, पण रॉबसनबद्दल सांगता येईल, आणि त्यातून त्याचं काय चाललंय ते तुम्हाला समजेल असं वाटतं.

आधी माणूस कोण ते सांगतो. इंग्लंडच्या ईशान्येला डरहम परगण्यात कोळशाच्या खाणी होत्या. तिथल्या लँगली पार्क नावाच्या खाणकामगारांच्या गावात रॉबसन वाढले. वडील खाणीत कामाला. एक्कावन्न वर्षांच्या नोकरीत वडिलांची एकच पाळी चुकली, असं रॉबसन सांगत. शनिवारी वडील पोराला घेऊन न्यूकॅसलच्या सेंट जेम्सेस पार्कवर मॅच बघायला जायचे. पुढे हे पोरगं इंग्लंडकडून 20 सामने खेळलं, मग मॅनेजर झालं. इप्सविचसारख्या छोट्या शहराच्या क्लबला 1978 मध्ये एफए कप (इंग्लंडमधल्या क्लबांची जुनी मानाची स्पर्धा) आणि 1981 मध्ये युएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) मिळवून दिला. 1990 च्या वर्ल्ड कपला इंग्लंडला सेमीफायनलपर्यंत नेलं, तिथे पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरले. मग हॉलंडमध्ये पीएसव्ही, पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंग आणि पोर्टो, स्पेनमध्ये बार्सिलोना. स्पोर्टिंगमध्ये त्यांचा दुभाषा म्हणून आलेला तरुण म्हणजे पुढे स्वतः जगप्रसिद्ध मॅनेजर झालेला जोसे मोरिन्हो.

एवढं सगळं झाल्यावर, 1999 च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी ते ज्या मैदानावर वडिलांचं बोट धरून जायचे त्याच मैदानावर मॅनेजर म्हणून परतले. क्लब तेव्हा पॉइंट टेबलच्या तळाला होता. घरच्या मैदानावरच्या पहिल्याच मॅचमध्ये शेफील्ड वेन्सडेला 8-0 ने धुतलं, त्यात एकट्या अॅलन शियररचे पाच गोल. तळाचा संघ तीन वर्षांत चौथ्या नंबरवर आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्या नंबरवर आला.

मी त्यांच्या नादाला लागलो ते 2002-03 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत. न्यूकॅसल पहिल्या तिन्ही मॅच हरलं होतं. तिथून पुढच्या फेरीत जाणं तोपर्यंत कोणालाच जमलं नव्हतं. पुढच्या दोन जिंकल्या, त्यात एक युव्हेंटसविरुद्धची. शेवटची मॅच हॉलंडमध्ये फायनूर्डशी, 13 नोव्हेंबरला. आपल्याकडे रात्री सव्वा वाजता सुरू होणार. वडिलांची सकाळची पाळी, त्यामुळे टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून मी पुढ्यात बसलेलो. न्यूकॅसलने दोन गोल केले, फायनूर्डने दोन्ही फेडले आणि अगदी शेवटच्या क्षणी क्रेग बेलमीने तिसरा मारला. 3-2. ओरडता येत नव्हतं म्हणून मी उशी तोंडावर दाबून धरली. कॅमेरा रॉबसनकडे वळला तेव्हा पांढऱ्या केसांचे, जवळजवळ सत्तरीचे आजोबा हात वर करून पोरासारखे नाचत होते. माझ्यासाठी त्या रात्री क्लब ठरला आणि मॅनेजरही.

दुसऱ्या दिवशी वडिलांना सांगितलं की या मॅनेजरचे वडील खाणीत होते आणि सबंध नोकरीत त्यांची एकच पाळी चुकली. वडील डबा भरत होते. म्हणाले, "मग पोरगा असाच निघणार." फुटबॉलबद्दल वडील माझ्याशी बोलले ते बहुधा तेवढंच. पण त्यानंतर पेपरात न्यूकॅसलचं काही आलं की ते पान माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे.

सातपूरच्या कामगाराच्या घरात एक परदेशी म्हातारा असा आत येऊन बसतो. तो वारला की नुसता टीव्हीवरचा माणूस गेलेला नसतो. त्याच्याबरोबर जागवलेल्या रात्री, तेव्हाचे मित्र, तेव्हाचे वडील, सगळं एकदम अंगावर येतं. तुमचा भाऊ गप्प आहे त्यात यातलं काय काय असेल ते त्याचं त्यालाच माहीत.

आता ट्रॉफीचा मुद्दा. न्यूकॅसलने 1955 मध्ये एफए कप जिंकला होता. त्यानंतर देशांतर्गत मोठा कप हाती यायला मार्च 2025 उजाडला. लीग कपच्या फायनलमध्ये लिव्हरपूलला 2-1 ने हरवलं तेव्हा. मधली सत्तर वर्षं कोरडी, आणि रॉबसन यांची पाच वर्षं त्या सत्तरातलीच. तरीही जुन्या चाहत्यांना विचारा, सगळ्यात चांगले दिवस कोणते? बरेच जण रॉबसन यांचेच दिवस सांगतील. संघ धाडसाने खेळायचा, आणि मॅनेजर त्यांच्यासारखंच बोलणारा, त्यांच्याच मातीतला होता. ते खेळाडूंची नावं विसरायचे. शोला अमेओबीला एका पत्रकाराने विचारलं, बॉबी रॉबसन तुला काय म्हणून हाक मारतात? तो म्हणाला, "कार्ल कोर्ट." कार्ल कोर्ट हा संघातला दुसराच खेळाडू! हा किस्सा चाहते अजून एकमेकांना सांगतात, आणि तो सांगताना कोणाच्याही स्वरात टिंगल नसते.

तुमचा "ते तर कधीच सोडून गेले होते" हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या मते चाहत्यांचं दुःख तिथेच जास्त खोल असतं. रॉबसन स्वतःहून गेले नव्हते, त्यांना काढलं होतं. 2003-04 चा हंगाम पाचव्या नंबरवर संपला. घरच्या मैदानावरची शेवटची मॅच वुल्व्ह्जशी 1-1 बरोबरीत सुटली. हंगाम संपला की खेळाडू आणि मॅनेजर मैदानाला फेरी मारून प्रेक्षकांचे आभार मानतात. त्या दिवशी ही फेरी निघाली तेव्हा बरेचसे प्रेक्षक उठून घरी गेले होते. पाचवा नंबर त्यांना कमी वाटला होता. पुढच्या हंगामाच्या चारच मॅच झाल्या आणि ऑगस्टच्या शेवटी 71 वर्षांच्या रॉबसन यांना घरी पाठवण्यात आलं. त्यांना फक्त तो एक हंगाम पूर्ण करून निवृत्त व्हायचं होतं.

त्यानंतर क्लबने एकामागून एक मॅनेजर बदलले, आणि मे 2009 मध्ये न्यूकॅसल प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमधून, खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलं. दोनच महिन्यांनी रॉबसन गेले. लोकांनी स्टेडियमच्या लीझेस एंड या स्टँडमध्ये स्कार्फ, जर्सी, फुलं, चिठ्ठ्या आणून ठेवल्या, खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा भरून गेल्या. त्यात सगळ्या देशातल्या क्लबांचे रंग होते. शेजारच्या संडरलंड क्लबचे लाल-पांढरेसुद्धा, ज्यांच्याशी न्यूकॅसलचं पिढ्यान्‌पिढ्या हाडवैर. हे फोटो मी सायबर कॅफेत बसून बघितले. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्या स्कार्फांत कृतज्ञता होती तशीच माफीही होती. आभाराची फेरी निघाली तेव्हा जे उठून गेले होते, त्यातले कितीतरी जण आता येऊन उभे होते. मॅनेजर पदावर असताना आपण त्याला फक्त पुढच्या शनिवारच्या निकालावर मोजतो. तो माजी झाला की हळूहळू कळायला लागतं, की काय होतं आपल्याकडे. आणि तो गेला की ते सांगायला समोर कोणी उरत नाही.

रॉबसन यांच्या बाबतीत एवढं बरं झालं की लोकांना थोडं तरी सांगायला मिळालं. कॅन्सरने त्यांना पाच वेळा गाठलं. पाचव्यांदा झाला तेव्हा आता बरा होणार नाही हे कळल्यावर 2008 मध्ये त्यांनी पत्नीबरोबर कॅन्सर संशोधनासाठी निधी उभारायला घेतला. पाच लाख पौंडांचं उद्दिष्ट काही आठवड्यांतच पूर्ण झालं. न्यूकॅसलच्या फ्रीमन हॉस्पिटलमध्ये त्यातून नव्या औषधांच्या चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, फेब्रुवारी 2009 मध्ये सुरू झालं. 26 जुलै 2009 ला सेंट जेम्सेस पार्कवर 1990 च्या त्या सेमीफायनलची आठवण म्हणून इंग्लंड आणि जर्मनीच्या जुन्या खेळाडूंची मदतनिधी मॅच झाली. रॉबसन व्हीलचेअरवरून मैदानात आले, खेळाडूंना भेटले. तीस हजारांहून जास्त लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. त्यानंतर पाचव्या दिवशी ते गेले.

आमच्याकडे ती बातमी शुक्रवारी आली. मी कंपनीत दुसऱ्या पाळीला होतो, मित्राचा एसएमएस आला. काम हातातून सुटलं नाही, पण त्या संध्याकाळी कोणाशी बोलावंसं वाटेना. सुपरवायझरने विचारलं, घरी काही झालंय का? काय सांगणार होतो? "नाही" म्हटलं. तुमचा भाऊ बोलत नाही त्याचं एक कारण हे असू शकतं. या दुःखाला आपल्याकडे नातं नाही. सुतक नाही, भेटायला जायला घर नाही, "झालं ते वाईट झालं" म्हणायला कोणी येत नाही.

रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर आमची नेहमीची मॅच होती. पाऊस भुरभुरत होता. न्यूकॅसलची खरी जर्सी आमच्यात कोणाकडेच नव्हती. मित्राने मेन रोडवरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा साधा टी-शर्ट आणून घातला होता. किक-ऑफच्या आधी त्याने सगळ्यांना मधल्या वर्तुळात बोलावलं आणि आम्ही मिनिटभर शांत उभे राहिलो. त्यात मँचेस्टर युनायटेडवाले होते, आर्सेनलवाले होते, देवळाली कॅम्पातली दोन पोरं होती ज्यांनी रॉबसनचं नाव पहिल्यांदाच ऐकलं असेल. तीही मान खाली घालून उभी राहिली. मला त्या मिनिटाचा खूप आधार वाटला.

हे फक्त परदेशी क्लबांच्या नादी लागलेल्यांचं खूळ आहे असं मात्र समजू नका. मार्च 2020 मध्ये पी. के. बॅनर्जी गेले तेव्हा कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, दोन्हीकडचे चाहते हळहळले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी 1975 च्या आयएफए शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालकडून मोहन बागानला 5-0 ने हरवलं होतं, आणि पुढे त्याच मोहन बागानचे प्रशिक्षक होऊन 1977 मध्ये पेलेंच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला 2-2 असं रोखलं. ज्यांच्याकडून पाच गोल खाल्ले त्यांच्यासाठी मोहन बागानवाले रडले.

आणि आपलं नाशिक तरी कुठे वेगळं आहे? 10 मार्च 1999 ला तात्यासाहेब शिरवाडकर गेले. आमच्या गल्लीत असे काका होते ज्यांनी कुसुमाग्रजांच्या कवितेचं पुस्तक बहुधा कधी हातात धरलं नसेल. त्या दिवशी ते ओट्यावर बसून डोळे पुसत होते. त्यांना कोणी विचारलं नाही की तुमचा काय संबंध. तात्यासाहेब आपले होते, एवढं पुरेसं होतं. तुमच्या भावाच्या बाबतीत आपलेपणा सात समुद्रांपलीकडचा आहे, इतकाच फरक.

राहता राहिलं तुम्ही काय करावं. "तो तुला ओळखत तरी होता का" हे कृपा करून म्हणू नका. ओळखत नव्हता, हे त्याला माहीत आहे. त्याला एवढंच विचारा की तुझी सगळ्यात आवडती मॅच कोणती. सांगायला लागला की मधे बोलू नका, समजलं नाही तरी ऐका. ऑफसाइडचा नियम, पॉइंट टेबल, कोणाला किती कोटींना विकलं, हे सगळं येईल, येऊ द्या. मग ती मॅच इंटरनेटवर शोधून त्याच्याबरोबर बघा. रॉबसन गेल्यावर घरच्या मैदानावरच्या पहिल्या लीग मॅचमध्ये न्यूकॅसलने रेडिंगला 3-0 ने हरवलं, आणि तिन्ही गोल शोला अमेओबीचे होते. तोच, ज्याला ते कार्ल कोर्ट म्हणायचे. त्या गोलांचे हायलाइट्स मी वडिलांना दाखवले, आणि त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले.