आधी पट्टी सांगा

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. वय ५४. आमचा बायकांचा समूहगानाचा हौशी गट आहे. यंदा दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात समूहगीतांच्या मधे एक अभंग एकटीने गायचा आहे आणि त्यासाठी सर येत्या शनिवारी सगळ्यांसमोर ऑडिशन घेणार आहेत. माझी जिवाभावाची मैत्रीणही गाणार आहे. तिनेच मला गटात आणलं. माझ्या आजारपणात माझं घरसुद्धा तिनेच सांभाळलं. तिच्यासमोर उभं राहून गाणं मला कृतघ्नपणाचं वाटतं. शिवाय तिचा आवाज छान लागतो. सगळ्यांनी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या सुराला सा धरून, गायचं असं ठरलंय. माझा आवाज वरच्या सापर्यंत जातो, पुढे अंतऱ्यात गंधाराला, म्हणजे वरच्या ग ला, फाटतो. घरी भाकरी थापताना त्याहून खालच्या काळी तीनमध्ये म्हणते तेव्हा नीट होतं, पण ते असो. मैत्रीखातर मी नाव मागे घेऊ का?

उत्तर : ‘पण ते असो’ म्हणून तुम्ही पुढे निघून गेलात, मी मात्र त्याच ओळीवर अडकले.

आधी मैत्रिणीचं उरकते. तुमच्या आजारपणात जिने तुमचं घर सांभाळलं, तिला तुम्ही एक अभंग गायल्याचं वाईट वाटेल असं तुम्ही धरून चाललात. तिच्याबद्दल इतका हलका विचार करू नका. मैत्रीचं एवढंच.

आता त्या भाकरीकडे येते. भाकरी थापताना गुणगुणणाऱ्या बाईला आपण काळी तीनमध्ये गातोय हे कसं कळलं? पीठ लागलेले हात धुऊन तुम्ही पेटीपाशी गेलात, भाता ओढलात, एकेक सूर दाबून पाहिलात आणि आपला सा कुठे आहे तो शोधून काढलात. त्याशिवाय हे कळत नाही. स्वतःची पट्टी तुम्हाला पक्की ठाऊक आहे. तोंडातून मात्र ती निघालेली नाही, मला लिहिलेल्या पत्रातसुद्धा कशीबशी निघाली.

समूहात सगळ्यांना एकाच पट्टीत गावं लागतं, हे कबूल. पंधरा-वीस गळे एकत्र आणायचे तर कुणाला वर ताणावं लागतं, कुणाला खाली दबावं लागतं. पण हा अभंग एकटीचा आहे. एकटीच्या गाण्याची पट्टी गाणारीची असते. मैफलीत आधी तंबोरे गायकाच्या षड्जाला, म्हणजे साला, लागतात, मग पेटी आणि तबला त्याच्या मागे येतात. तंबोरा मिरजेचा असो नाहीतर मोबाईलमधला, रीत हीच. तुम्ही मात्र दुसरीच्या पट्टीत उभ्या राहून स्वतःच्या गळ्याला नापास करायला निघालात.

पुन्हा एकदा पेटी उघडा. काळी पाचमधला वरचा सा वाजवा. तोच सूर काळी तीन धरून मोजला तर वरचा शुद्ध गंधार होतो. त्या सापर्यंत आवाज जातो हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ज्या गंधारासाठी तुम्ही जीव टाकताय, तो तुमच्या गळ्यात आजही आहे.

पन्नाशीनंतर आवाज खाली येतो, बाई. पाळी गेली की संप्रेरकं बदलतात, स्वरतंतू थोडे जाड होतात, वरचे एक-दोन सूर अवघड जातात आणि खालचे सूर भरदार होतात. यात लाजण्यासारखं काय आहे? तुमच्याच गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गात होते. त्याआधी दुसऱ्या एका दरबारात अति गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला होता आणि परत आला तो पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्यांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या मोठ्या गायिका त्याच गायकीत वाढल्या. ख्यालगायिका गंगूबाई हनगलांचा आवाज तर घशावरच्या उपचारानंतर इतका जाड झाला की रेडिओवर ऐकणाऱ्यांना तो पुरुषाचा वाटे. त्या आयुष्यभर त्याच आवाजात गायल्या.

तुमची माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण नाव मागे घेण्याचं कारण ती नव्हे. सगळ्यांसमोर ‘माझी पट्टी खाली आहे’ म्हणायचं, आणि मग कुणीतरी ‘हिचा आवाज उतरला’ म्हणेल, याची तुम्हाला धास्ती आहे. मैत्री पुढे केली की ती धास्ती झाकली जाते. मला राग येतो तो याचा. इतका चांगला कान असलेली बाई स्वतःचा सूर शोधते आणि मग ‘ते असो’ म्हणून पेटी बंद करते!

नाव मागे घ्यायचं नाही. शनिवारी तुमचा नंबर आला की पहिलं वाक्य हेच : ‘सर, माझी पट्टी काळी तीन.’ पुढे ‘चालेल का?’ नको, ‘सॉरी’ नको आणि घसा बसल्याचं कारणही नको. सरांनी मान हलवली की षड्ज लावायचा आणि गायला लागायचं. निवड तुमची होईल की तिची, ते सर ठरवतील. त्यांनी तुमचा आवाज तुमच्या पट्टीत ऐकला पाहिजे, मला एवढंच हवंय.

एक अडचण मात्र येणार. काळी पाचला लावलेला तबला काळी तीनपर्यंत उतरवला तर त्याची कातड्याची पुडी सैल पडते आणि बोल मरतात. मग गटातलं कुणीतरी म्हणणारच, ‘आता हिच्या एकटीसाठी दुसरा तबला कुठून आणायचा?’ त्यावर तोड आहे. काळी तीनचा पंचम, म्हणजे प, काळी एकवर येतो, आणि पुरुष गायकांच्या साथीला लागतो म्हणून काळी एकचा तबला बहुतेक तबलजींकडे असतोच. तुमच्या अभंगाच्या रागात पंचम वर्ज्य, म्हणजे गाळलेला, नसेल, तर पंचमात लावलेला तो तबला छान चालतो. पंचम वर्ज्य असेल तर काय करायचं, तेही तबलजीच सांगतील. तेव्हा त्यांना आज संध्याकाळीच फोन करा आणि शनिवारी काळी एकचा तबलाही बरोबर आणायला सांगा. मैत्रिणीला करायला लावू नका, तुम्हीच करा.